कॅमेऱ्याला हळद लागली

मागच्या मार्चमध्ये कॅमेरा सर्व्हिसिंगला दिला. मिरज रस्त्यावरच्या दुकानातल्या पोरानं लेन्स काढली, आत टॉर्च मारला आणि मला म्हणाला, "काका, ह्याला हळद लागलीया. लग्न कधी?" सेन्सरवर, लेन्स बसते त्या कड्यावर, बटणांच्या फटीत, सगळीकडं पिवळी पूड. साफ करायचे ९०० रुपये घेतले. त्या महिन्यात फोटो विकून मला मिळाले होते ७४०.

आकडा आधीच सांगून टाकला, कारण यार्डातल्या चहाच्या टपरीवर रोज एक तरी माणूस विचारतो, "दिवाणजी, ते फोटू विकून डॉलर येत्यात म्हणं?" येतात. किती येतात, कशाचे येतात आणि त्यापायी काय काय करावं लागतं ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझा चहा गार व्हायचा नाही. मी मुख्यतः वापरतो ती फोटो विकायची साइट म्हणजे अडॉबी स्टॉक. साडेतीन वर्षं झाली. आणखी दोन साइटवर खातं आहे. त्यातल्या एकीबद्दल थोडी तक्रार आहे, पण तिचं नाव घेत नाही. माझे चारशे फोटो अजून तिच्या दावणीला बांधलेले आहेत.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. एकोणीस वर्षं पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचे हिशोब, लिहितोय. कॅमेरा घेतला तो २०२१ च्या दिवाळीत, गावभागातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून. त्यानं नवा मिररलेस घेतला आणि जुना निकॉन डी ५३०० लेन्ससकट मला १८ हजाराला दिला. घरी आमच्या हिनं विचारलं, "ह्याचं काय करणार?" मी म्हटलं, "छंद." छंदाला १८ हजार हे उत्तर आमच्या घरात चालत नाही. म्हणून मग "ह्यातनं पैसे काढणार" असं बोलून बसलो.

बोलून बसल्यावर मोबाइलला कसं कळतं देव जाणे, दुसऱ्या दिवसापासून जाहिराती सुरू. फोटो विका, झोपेत डॉलर कमवा, महिन्याला पन्नास हजार. पी हळद अन् हो गोरी. असला कोर्स मी घेतला नाही असं लिहायला आवडलं असतं, पण घेतला. ४,९९९ रुपये. पाच तासांच्या व्हिडिओत जे कळलं ते सगळं अडॉबीच्या मदतीच्या पानांवर फुकट लिहिलेलं आहे. ते आधी वाचा, कोर्सचे पैसे लेन्सला ठेवा.

मामला असा आहे. जगभरात जाहिराती, पुस्तकं, वेबसाइट, पाकिटं तयार करणाऱ्यांना फोटो लागतात. प्रत्येक वेळी फोटोग्राफर बोलावणं परवडत नाही, म्हणून ते तयार फोटो घेतात. अडॉबीनं फोटोलिया नावाची अशी एक कंपनी ८० कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१५ मध्ये स्वतःचं दुकान उघडलं. अडॉबीचं फोटोशॉप तर गावोगावच्या फ्लेक्सवाल्याकडंही असतं. त्याच फोटोशॉपच्या आतून डिझायनरला हे दुकान दिसतं, हा मोठाच फायदा. फोटोची मालकी आपलीच राहते, गिऱ्हाईक वापरायचा परवाना तेवढा घेतं. एकच फोटो शंभर जणांना विकला जाऊ शकतो आणि आपण तोच दुसऱ्या साइटवरही ठेवू शकतो. आम्हा यार्डातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडं पोतं एकदा गेलं की गेलं.

विक्रीतला फोटोग्राफरचा वाटा ३३ टक्के, व्हिडिओला ३५. माझी बायको म्हणाली, "म्हणजे दोन तृतीयांश अडत?" हो. शेतकऱ्यानं आमच्या अडतीचा हा दर ऐकला तर आमचं दुकान उचलून कृष्णेत टाकेल. पण इथं दुकानाचं भाडं नाही, गिऱ्हाईक शोधायचं नाही, उधारी नाही. हे पटत असेल तरच पुढं वाचा.

खातं उघडायला पैसे लागत नाहीत. वय १८ पूर्ण हवं. फोटो जेपेग आणि किमान ४ मेगापिक्सेलचा, म्हणजे आजचा कुठलाही बरा मोबाइल चालतो. फोटो चढवायचा, इंग्रजीत शीर्षक आणि कीवर्ड, म्हणजे गिऱ्हाईक शोधताना टाइप करेल ते शब्द, द्यायचे, तपासणीला पाठवायचा.

पहिल्या खेपेला मी चाळीस पाठवले. आयर्विन पुलावरचा सूर्यास्त, कृष्णेचा घाट, हरिपूरचा संगम, गणपती मंदिराचं शिखर, झालंच तर यार्डातली हळद. अकरा पास झाले. बाकीच्यांवर कारणं लिहून आली. संगमाचा फोटो संध्याकाळी कॅमेरा नुसता हातात धरून काढलेला, त्यात दाणे उमटलेले. घाटाचा फोकस नावेवर नव्हता, पाण्यावर होता. चूक माझीच, मोबाइलच्या पडद्यावर बघून पाठवलं होतं. तेव्हापासून कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून बघितल्याशिवाय एकही पाठवत नाही. हळदीच्या फोटोंवर मात्र वेगळंच कारण होतं, बौद्धिक संपदा. मला वाटलं, हळदीच्या पेटंटचं भांडण आपण अमेरिकेत १९९७ साली जिंकलं, आता पुन्हा काय?

भानगड पोत्यांची होती. आमच्या यार्डात प्रत्येक पोत्यावर कुणाचा तरी मार्का असतो. व्यापाऱ्याचा, गिरणीचा, कधी आधीच्या मालाचा. माझ्या डोळ्यांना एकोणीस वर्षांत तो दिसेनासा झाला होता. तपासणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसला. जाहिरातीसाठी विकायच्या फोटोत कुणाचंही बोधचिन्ह, नाव, छाप चालत नाही. मग मी फोटोतून एकेक गोष्ट वगळत गेलो. वजनकाट्यावर कंपनीचं नाव, गेला. भिंतीवर कीटकनाशकाचं कॅलेंडर, गेलं. हमालांकडं वळलो तर एकाच्या डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, दुसऱ्याच्या पाठीवर खत कंपनीचा टी-शर्ट, तिसऱ्याच्या बनियनवर मागच्या निवडणुकीतला उमेदवार हात जोडून उभा. शेतीमालाच्या बाजारात बिनछापाचा माणूस सापडणं अवघड आहे, हे मला ह्या साइटनं शिकवलं.

तोडगा तात्यानं काढला. तात्या आमच्याकडचा सगळ्यात जुना हमाल. मी फोटोशॉपमध्ये मार्के पुसत रात्री एकपर्यंत बसतो हे ऐकून तो म्हणाला, "पोतं उलटं करा की ओ. आतनं कोण काय लिवतंय?" रिकामं पोतं त्यानं पायजम्यासारखं आतलं बाहेर केलं, त्यात दोन घमेली हळकुंडं ओतली, तोंड दुमडून दिलं. तो फोटो आजवर ९४ वेळा विकला गेलाय.

९४ हा माझा दुसरा नंबर. पहिला कोणता ते सांगायला थोडी लाज वाटते. त्या दिवशी उलटी केलेली पोती भिंतीला लावून ठेवली होती. त्यातल्या एका पोत्याच्या नुसत्या विणीचा, अगदी जवळून, सरळ समोरून, तिरपा उजेड असताना एक फोटो घेतला होता. त्यात हळद नाही, माणूस नाही, काही नाही. गोणपाट. विक्री १३१. डिझायनर लोक त्यावर आपली अक्षरं ठेवतात, त्यांना मागं काहीतरी खरखरीत लागतं. आयर्विन पुलाच्या सूर्यास्तासाठी मी चार संध्याकाळी नदीकाठी डास मारत उभा होतो. त्याची विक्री शून्य.

हे कळायला मला वर्ष लागलं. फोटो चांगला असणं आणि तो कुणाच्या तरी कामाचा असणं ह्या दोन गोष्टी आहेत. गिऱ्हाईक सांगलीचा सूर्यास्त शोधत नाही. त्याला सूर्यास्त हवा असेल तर समोर लाखो पडलेत. पण पॉलिश न केलेलं हळकुंड आणि पॉलिश केलेलं हळकुंड शेजारी शेजारी, गड्डा वेगळा, कणी वेगळी, मोडलेल्या हळकुंडाचा आतला केशरी रंग, हे काढायला त्याच्याकडं माल नाही. माझ्याकडं दारात ढीग आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही शीर्षकात लिहितो.

दुसरी शिकलेली गोष्ट, जागा सोडा. पूर्वी मी चौकट भरून फोटो काढायचो, पट्टी लिहितो तशी, एक कोपरा रिकामा नाही. आता हळकुंडं उजवीकडं आणि डावीकडची निम्मी चौकट मोकळी. तिथं त्यांचा मजकूर बसतो. सामान काही मोठं नाही. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी कार्डशीट, दुकानाच्या पोटमाळ्याची उत्तरेकडची खिडकी आणि उजेड परतवायला देव्हाऱ्याच्या सजावटीतला थर्माकोल. नंतर एक ४० मिलिमीटरची मायक्रो लेन्स जुनी घेतली, नऊ हजाराला. तिच्यामुळं फरक पडला, हे खरं.

यार्डाबाहेरही हात मारून पाहिला. तासगावकडं मेहुण्याचा बेदाण्याचा शेड आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, मग सावलीत जाळीच्या थरांवर पसरून ठेवतात, दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार. शेडमध्ये दुपारी हिरव्या जाळीतून उजेड असा झिरपतो की देवळात आल्यासारखं वाटतं. तिथले थरांचे फोटो माझ्या आजवरच्या कामातले सगळ्यात देखणे. विक्री ६. त्याच दिवशी निघताना मेहुण्यानं ओंजळभर बेदाणा हातावर ठेवला, तो घरी कार्डशीटवर पसरून काढला. विक्री ४१. मिरजेत सतारीच्या कारखान्यात गेलो. भोपळ्याच्या कवचावर नक्षी कोरणारे हात, भुश्शाचा वास, भिंतीवर ओळीनं टांगलेले तंबोरे. तिथं अख्खा दिवस गेला आणि चहा चार वेळा झाला. विक्री २. पण तो दिवस मी खर्चात धरलेला नाही.

आणि कास. साताऱ्याला पाहुण्यांकडं गेलो होतो, सप्टेंबर होता, ऑनलाइन पास मिळाला. पठारावर तेरडा, सीतेची आसवं, गेंद, सगळं फुललेलं. माझ्याभोवती पासवाले तीन हजार लोक आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. मी १६० फोटो काढले. त्यातले वीस चढवले, दोन विकले गेले. ते दोन्ही सीतेच्या आसवांचे, कारण थोरल्या लेकीनं शीर्षकात युट्रिक्युलॅरिया हे शास्त्रीय नाव घातलं होतं. 'पर्पल फ्लॉवर' म्हणून टाकलेला तेरडा अजून तिथंच आहे.

थोरलीबद्दल सांगायला हवं. ती बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा माझं कीवर्डचं काम बघून तिनं कपाळावर हात मारला. मी हळकुंड, राजापुरी, सांगली असं इंग्रजी अक्षरांत लिहीत होतो. "बाबा, डेन्मार्कमधला माणूस 'हळकुंड' टाइप करणार आहे का?" मग तिनं तिच्या पुस्तकातले शब्द ओतले. कर्क्युमिन, कर्क्युमा लोंगा, राइझोम, स्पाइस, हर्बल, सप्लिमेंट, गोल्डन मिल्क. अडॉबीवर जास्तीत जास्त ४९ कीवर्ड देता येतात आणि पहिल्या दहांना जास्त वजन असतं, त्यामुळं क्रम महत्त्वाचा. आमचं हळदीचं दूध तिकडं सोनेरी दूध झालंय आणि सांगलीच्या पोरीला ते माहीत असल्यामुळं विक्री दुप्पट झाली. ती फी म्हणून दर पेआउटला, म्हणजे साइटकडून पैसे आले की, पाणीपुरी घेते. एकदा मोबाइलवर फोटोवरून शोध घेतला, तर माझी हळकुंडं कुठल्याशा जर्मन पानावर अशाच दुधाच्या कपाशेजारी, औषधाच्या गोळ्यांसोबत सापडली. गिऱ्हाईकाचं नाव आपल्याला कळत नाही, त्यामुळं असं शोधलं तरच. हळकुंडं गोळ्यांशेजारी बघून तात्या म्हणाला, "आपली हळद आजारी पडली काय?"

आता तात्याचा चेहरा. ओळखू येईल असा माणूस फोटोत असेल तर त्याची लेखी संमती जोडावी लागते. मॉडेल रिलीज म्हणतात. तो कागद इंग्रजीत. तात्याला पुढ्यात बसवून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. फोटो कुठं छापला जाईल ते आपल्याला ठरवता येणार नाही, परत मागता येणार नाही, गुडघेदुखीच्या मलमावरही येऊ शकतो. तात्यानं विचारलं, "म्हंजे सही केल्यावर घर तर जाणार न्हाई न्हवं?" आमच्या यार्डात इंग्रजी कागदावर सही म्हणजे बँकेचं कर्ज, दुसरं काही नाही. तीन दिवस त्यानं विचार केला, मुलाला विचारलं, मग सही केली. मी ठरवून टाकलं, तात्याच्या चेहऱ्याच्या फोटोंचं जे येईल त्यातलं निम्मं त्याचं. हा साइटचा नियम नाही, माझा आहे. १४ विक्री झाल्या, हिशोब करून आणि वर थोडे घालून पाचशे रुपये दिले. नोट खिशात घालताना म्हणाला, "माझं थोबाड अमेरिकेत गेलं, अन् मला अजून कुणी मुंबई दावली न्हाई."

आणि इथंच त्या दुसऱ्या साइटची तक्रार. हळद निवडणाऱ्या मावश्यांचे नुसते हात काढले होते, चेहरा नाही. सुपात हळकुंडं, बोटांना पिवळा रंग, मनगटाच्या वर हिरवं गोंदण. तुळशीवृंदावन आणि खाली ठिपके. त्या साइटनं परत पाठवला. कारण? टॅटू, कलाकाराची परवानगी जोडा. नियम माहीत आहे, टॅटूवर तो काढणाऱ्याचा हक्क असू शकतो, म्हणून सगळेच जपून असतात. पण मावशींना हे गोंदण सातव्या वर्षी जत्रेत करून दिलं, त्याला सत्तावन्न वर्षं झाली. त्या कलाकाराला मी कुठून आणू? तसं पत्र लिहिलं. छापील उत्तर आलं. परत लिहिलं, परत तेच उत्तर, खालचं नाव तेवढं बदललेलं. मावशींनी सुचवलं की बाह्या खाली ओढते. मी नको म्हटलं.

पैशाचं थोडक्यात. खात्यात २५ डॉलर जमल्याशिवाय अडॉबीकडून मागता येत नाहीत आणि पहिली मागणी पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवसांनी. वर्गणीदार गिऱ्हाईकानं फोटो घेतला तर माझ्या खात्यावर बहुतेक वेळा ३३ सेंटच्या आसपास पडतात. कधी सुट्या खरेदीचे त्याहून बरे. विस्तारित, म्हणजे जास्त मोठ्या वापराचा, परवाना घेतला तर एका फोटोचे २६ डॉलर ४० सेंट. असे मला साडेतीन वर्षांत दोनदा मिळाले, दोन्ही वेळा घरात श्रीखंड झालं. सुरुवातीलाच डब्ल्यू-८ बीईएन नावाचा अमेरिकेच्या करखात्याचा फॉर्म भरायचा, त्यात आपला पॅन क्रमांक चालतो. तो नीट भरला आणि भारत-अमेरिका करार निवडला तर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ टक्के कर कापला जातो, नाहीतर ३०. घाबरू नका, वीस मिनिटांचं काम आहे. पैसे पेपॅलमधून आपोआप बँकेत येतात. चलन बदलण्याचं शुल्क त्यांच्या दरातच धरलेलं असतं, म्हणून गूगलवर दिसणाऱ्या दरानं गुणाकार करून स्वप्नं बघू नका. खातं मात्र आयएफएससी असलेल्या बँकेत हवं. माझा सगळा व्यवहार पतसंस्थेत, त्यामुळं डॉलरसाठी नवं खातं उघडावं लागलं. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "परदेशातून पैसे कशाचे?" मी म्हटलं, "गोणपाटाचे." त्यांनी निर्यातीचा व्यापारी समजून बसायला खुर्ची दिली.

एकूण हिशोब. ७३८ फोटो पास, ६११ विक्री, ४४६ डॉलर. हातात पडले ३३ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला पावणेआठशे. कॅमेरा, लेन्स, कोर्स, हळदीची साफसफाई वजा केली तर आता कुठं फायद्यात आलोय. हे उत्पन्न कर भरताना दाखवतो. आमचा करसल्लागार ते पाहून हसतो, पण दाखवतो.

शटरस्टॉक ह्या फोटो विकायच्या साइटचं विचारतील म्हणून तेही सांगतो. २००३ मध्ये जॉन ओरिंजर नावाच्या माणसानं स्वतःचेच ३० हजार फोटो टाकून ते सुरू केलं. तिथं जून २०२० पासून पायऱ्या आहेत, १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत, जितके जास्त डाउनलोड तितकी वरची पायरी. दर १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर. हजारो फोटो असलेल्याला वर चढायला वाव आहे. माझ्यासारखा वर्षाला दोनशे फोटो टाकणारा पायथ्याशीच राहतो. अडॉबीचा ३३ टक्क्यांचा सरळ दर मला त्यापेक्षा समजायला सोपा, म्हणून नवा फोटो आधी तिकडं जातो.

एआयचं काय, हेही रोज विचारतात. अडॉबी डिसेंबर २०२२ पासून एआयनं केलेली चित्रंही घेतं, तसं लेबल लावून. 'टर्मरिक' शोधलं की आता पानभर चकचकीत हळद दिसते. नीट बघितलं तर अर्धी हळद आल्यासारखी, आणि एका चित्रात तर हळदीच्या रोपाला पेरू लागायचे तेवढे बाकी होते. पण खरं सांगायचं तर कपाशेजारी दोन हळकुंडं असल्या साध्या फोटोंची माझी विक्री त्या नंतरच्या वर्षात घटली. जे टिकलं ते वेगळं. पॉलिशच्या फिरत्या ड्रममधून हळद बाहेर पडतानाचा पिवळा ढग, सौद्याच्या वेळी ढिगात घुसलेले हात, हरिपूरच्या पेवाचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याचं, तोंड. ही पेवं २००५ च्या पुरानं बरीचशी निकामी केली, उरलेली बघायला मिळणंही दुर्मीळ झालंय. पेव हा शब्द एआयला माहीत नसावा, माझ्या एका फोटोला मात्र त्यातूनच गिऱ्हाईक मिळालं. शिवाय गिऱ्हाईकाला एआयची चित्रं वगळून शोधायची सोय आहे, ती बरी आहे. आपले फोटो त्यांच्या फायरफ्लाय ह्या एआयला शिकवायलाही वापरले गेले. त्याचा बोनस म्हणून २०२३ मध्ये खात्यात काहीतरी जमा झालं. माझ्या वाट्याला आलेल्या रकमेत दोन प्लेट भडंग आली असती.

एक फोल्डर मात्र मी चढवलेलं नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ फुटांना धोका असतो, त्यावरून समजा. तेव्हा कॅमेरा नव्हता, मोबाइलवर नावेतून काढलेले साठेक फोटो आहेत. बातमीसारख्या वापरासाठी असे फोटो काही साइट वेगळ्या वर्गात घेतात, स्थळ आणि तारीख लिहून. पूर हा विषय दरवर्षी मागणीचा असतो, हेही मला कळलंय. एका पावसाळ्यात बसलो. पहिला फोटो निवडला, कीवर्ड लिहायला लागलो. फ्लड, डिझास्टर, डॅमेज, व्हिक्टिम. मग मोठा करून फोकस तपासायला गेलो, तर डाव्या कोपऱ्यात पाण्यात अर्धी बुडालेली दाराची निळी चौकट दिसली. ती आमचीच. लॅपटॉप मिटला. फोल्डर तसंच आहे, पुसलंही नाही.

बाकी कुणी करावं हे काम? जो कशाच्या तरी शेजारी रोज असतो त्यानं. द्राक्षबागेवाल्यानं, कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभा असलेल्यानं (कंपनीची परवानगी घेऊन, नाव झाकून), गुऱ्हाळवाल्यानं, घरी पापड लाटणाऱ्या बाईनं. नोकरी सोडून करायचं असेल तर माझ्याकडं येऊ नका, मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवीन. सणाचे फोटो सणाच्या आधी दोन-तीन महिने चढवा. तुमची दिवाळी तुळशीच्या लग्नाला पोचली तर उपयोग नाही, ती पुढच्या वर्षीच विकली जाईल. आणि कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून यार्डात न्या. ९०० रुपये मी तुमच्यासाठी भरलेत असं समजा.

परवा नव्या हळदीचा सौदा निघाला. पाडव्याच्या आतला माल, रंग असा की पट्टी लिहिताना कागद पिवळा दिसावा. तात्यानं आपणहून दोन पोती उलटी करून खिडकीखाली ठेवली होती आणि टी-शर्टही उलटा घालून आला होता. आज सकाळी अडॉबीच्या खात्यावर २३ डॉलर ८० सेंट दिसतायत. आणखी चार विकले गेले की पंचवीस पूर्ण. थोरलीनं पाणीपुरीवाल्याला सांगून ठेवलंय.